बिनलग्नाच्या देवीचं माहेर

“फांग साहेब, आमच्या मात्सूचं लग्न कुणाशी झालं होतं?”

प्रश्न खाईलिनने विचारला खरा, पण तिच्या हातात कराओकेचा माइक होता आणि त्या माइकला कुणीतरी घुमारा लावून ठेवला होता. त्यामुळे ‘झालं होतं... होतं... होतं’ करत तो प्रश्न देवळापुढच्या मांडवभर हिंडला. वाफाळत्या माशांच्या थाळ्यांवरून गेला, देवस्थानचे अध्यक्ष शूकाका यांच्या टकलावरून गेला आणि शेवटी मुख्य टेबलावर, चीनहून आलेल्या पाहुण्यांच्या पुढ्यात जाऊन बसला.

मांडवात एकदम शांतता झाली. फक्त वारा बोलत होता, पण फंगहू बेटांवर वारा कधी गप्प बसतच नाही, त्यामुळे त्याला कुणी मोजत नाही.

अगदी मागच्या टेबलाखाली श्याओमान तोंडात रुमाल कोंबून हसत होती. पैज तिनेच लावली होती. “विचारून दाखव. विचारलंस तर या महिन्यात शाळेतले संडास घासायची तुझी पाळी मी करीन.” शेजारी बसलेली यूछन म्हणाली होती, “ही? ही कसली विचारतेय. मागच्या वर्षी वर्गात हजेरी देताना हिचा आवाज बाईंना ऐकू जायचा नाही.” मागच्या वर्षीचं ते खरंच होतं. पण मागच्या वर्षी खाईलिन ढोलपथकात नव्हती. आता ती पथकाचा मुख्य ढोल वाजवायची. तिच्या उंचीइतक्या ढोलासमोर उभं राहून एकदा टिपरू घातलं की अख्खं पेईवान गाव मान वळवून बघायचं, आणि सतराव्या वर्षी एकदा गावाने मान वळवून बघितलं की माणसाला मग कुठल्याच माइकची भीती वाटत नाही.

आता हा प्रश्न मुळात आला कुठून? तर त्या मोठ्या लाल फलकावरून. देवळाच्या दारावर तो या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून लावला होता आणि त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘मात्सू माहेरी येते आहे. दोन्ही काठ, एकच घर.’

मात्सू ही पेईवानची समुद्रदेवी. हजार वर्षांपूर्वी ती सामुद्रधुनीच्या पलीकडे, चीनच्या किनाऱ्याजवळच्या मेईचौ बेटावर एका कोळ्याच्या घरी जन्मली. बुडणाऱ्यांना वाचवत राहिली, तरुणपणीच गेली आणि देवी झाली. पेईवानचे पूर्वज तिकडून निघाले तेव्हा होडीत तिची छोटी मूर्ती घेऊन निघाले. धुराने काळी पडलेली तीच मूर्ती आजही गाभाऱ्यात आहे. आता पलीकडच्या कुठल्याशा मैत्री मंडळाने बोलावणं धाडलं होतं, की देवीला माहेरी आणा, सोबत देवस्थानची मंडळी आणा, ढोलपथक आणा. जाणं-येणं, राहणं-खाणं सगळं आमच्याकडे. आठवडाभर जो भेटेल तो ‘माहेर’ एवढंच बोलत होता. शेवटी शाळेतून येताना श्याओमान वैतागून म्हणाली, “माहेर माहेर काय लावलंय? माहेर असायला आधी सासर नको का?” आणि तिथेच पैज लागली.

पाहुण्यांचे म्होरके फांग साहेब चिडले नाहीत. त्यांनी सावकाश हात पुसले, हसले आणि म्हणाले, “छान प्रश्न आहे बाळ. देवीचं लग्न झालंच नव्हतं.”

पैज इथे संपली होती. पैज एकाच प्रश्नाची होती. दुसरा प्रश्न खाईलिनचा स्वतःचा.

“मग तिला माहेर कसं? लग्न न झालेल्या मुलीला माहेर नसतं. तिला नुसतं घर असतं. ती जिथे राहते ते.”

‘राहते ते... ते... ते,’ माइक म्हणाला.

आचाऱ्यांच्या तंबूतून कुणीतरी फस्सकन हसलं. शूकाकांच्या चॉपस्टिकमधलं कालव सुटून पुन्हा वाटीत पडलं. मासे पाळणाऱ्यांच्या टेबलावर खाईलिनचे बाबा, वेंग फूशेंग, आपल्या ग्लासाच्या तळात काहीतरी हरवल्यासारखे बघत बसले.

“अध्यक्ष, ही कुणाची मुलगी?” फांग साहेबांनी विचारलं.

“वेंगची. आमच्या मासेवाल्या वेंगची. लहान आहे साहेब, जीभ जरा...”

“जीभच तर हवी.” फांग साहेब उठून उभे राहिले. “एवढी हुशार मुलगी तुम्ही ढोलामागे लपवून ठेवलीत? मेईचौच्या रंगमंचावर लेकीचं मनोगत कुणी म्हणायचं हा आमच्यापुढे प्रश्नच होता. आता प्रश्न मिटला. हीच म्हणेल.”

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात जोर शूकाकांचा. कुणीतरी खाईलिनच्या हातात संत्र्याचा रस दिला, कुणीतरी पाठ थोपटली, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत आवडलं. हजारो माणसांसमोर, एकटी, माइक घेऊन. कुणाला नाही आवडणार?

“तू त्याला चिमटा काढायला गेलीस,” घरी जाताना श्याओमान म्हणाली, “आणि त्याने तुझ्याच गळ्यात हार घातला.”

“तुला हेवा वाटतोय.”

“वाटतोयच. पण बघ हं, हाराला दोरी असते.”

मनोगत शूकाकांनी फोनवर पाठवलं. अगदी छोटंसं होतं. ‘मी बेटाची लेक. आई, मी घरी आले. तुझ्या अंगणाबाहेर मला दुसरं अंगण नाही. आता आपली ताटातूट करणाऱ्यांचं कुणी ऐकू नये.’

खाईलिनने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला फक्त एवढंच दिसलं की कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा. ती न्हाणीघरात म्हणायची, सायकलवर म्हणायची. एक दिवस मधल्या सुट्टीत शाळेच्या गच्चीवर यूछन आणि श्याओमानला समोर बसवून म्हणत होती. “आई, मी...” आणि तेवढ्यात विमानतळावरून दोन लढाऊ विमानं उडाली. पलीकडून चीनची विमानं सामुद्रधुनीच्या मध्यावर आली की इकडची उडतात. त्यात नवल काही नाही. शिकवता शिकवता विमान गेलं तर बाई खडू हवेत तसाच धरून थांबतात आणि आवाज विरला की अर्धं वाक्य जिथे सोडलं तिथून पुन्हा उचलतात. बेटावरच्या सगळ्याच मुलांना अर्ध्या वाक्यावर थांबायची सवय आहे. खाईलिनही तोंड उघडं ठेवून थांबली. विमानं गेली.

“...घरी आले,” ती म्हणाली.

“आई लेकीची चौकशी करायला विमानं पाठवते वाटतं,” श्याओमान म्हणाली.

यूछन हसली. खाईलिनला हसू आलं नाही. तिने ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं आणि ते तिच्या तोंडात दुसऱ्याच्या दातांसारखं बसेना. ‘ताटातूट करणाऱ्यांचं.’ ताटातूट करणारे म्हणजे कोण? मतदान करून देशाचा अध्यक्ष निवडणारी तिची आई? इतिहासाच्या बाई? की गच्चीवर पेरू खात बसलेली श्याओमान? आणि ‘दुसरं अंगण नाही’ म्हणजे? मग ज्या अंगणात ती सायकल लावते ते कुणाचं?

त्याच दिवशी सराव संपल्यावर ती शूकाकांकडे गेली. शूकाका देवळाच्या पडवीत चहा गाळत होते. माणूस तसा वाईट नव्हता. वादळात कुणाची होडी सुटली तर दोर घेऊन पहिला धावायचा. फक्त त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही, विशेषतः ज्याच्याकडे गाड्यांचा ताफा असेल त्याला.

“काका, एकच शब्द बदलू का? ‘घरी आले’च्या जागी ‘भेटीला आले’ म्हणते.”

“नको गं पोरी. शब्द वरून आलेत.”

“वरून म्हणजे? देवीकडून?”

“त्याच्याही वरून,” शूकाका बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी गाभाऱ्याकडे बघत घाईघाईने हात जोडले.

“मग देवीला कौल लावलात का? तिला जायचंय की नाही ते विचारलंत?”

शूकाका चहा ओतायचे थांबले. कारण पेईवानच्या देवळात कौल लावल्याशिवाय खिळा ठोकत नाहीत. यंदा देवीची धूपदाणी कुणाच्या घरी राहणार, कौल. छपरावरच्या ड्रॅगनला हिरवा रंग की निळा, कौल. एकदा देवी रंगाला हो म्हणेना म्हणून तो ड्रॅगन अर्धा रंगवलेला तसाच राहिला होता आणि पर्यटक त्याचे फोटो काढत बसायचे. आणि देवीला समुद्रापार न्यायचं, परक्या देशाच्या पाहुणचाराला, हे मात्र कुठल्यातरी हॉटेलात जेवणाच्या टेबलावर ठरलं होतं.

“राहून गेलं,” शूकाका म्हणाले. “लावू की. रविवारी लावू. तुला काय वाटलं, मी भितो?”

रविवारी देऊळ गच्च भरलं. बातमी पसरायला या गावात वाराही पुरतो.

कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, चंद्रकोरीसारखे. एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न विचारून ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं तर देवी हो म्हणते. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. दोन्ही सपाट आले तर देवी हसली, तुझा प्रश्नच धड नाही, पुन्हा विचार. मोठ्या कामाला लागोपाठ तीनदा हो यावं लागतं.

शूकाकांनी नवा कोट घातला होता. त्यांनी गुडघे टेकले, आपलं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं आणि खणखणीत विचारलं, “माई, तुला मेईचौला न्यायचं म्हणतोय. येशील ना?”

तुकडे पडले. दोन्ही सपाट.

“हसली,” म्हाताऱ्या बायकांत कुजबुज झाली आणि त्याही हसल्या. शूकाकाही हसले. वातावरण अजून लग्नघरासारखं होतं.

त्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही फुगीर. नाही.

“अगं माई, सगळा खर्च त्यांचा आहे,” शूकाका देवीला समजावणीच्या सुरात म्हणाले. पुन्हा टाकलं. दोन्ही फुगीर. नाही.

आता कुणी हसलं नाही. शूकाकांनी टक्कल पुसलं. त्यांच्या मागे मासे पाळणारे सगळे एका रांगेत उभे होते, हात पुढे बांधून, जणू निकाल लागायचा आहे. खाईलिन खांबाला टेकून बघत होती आणि तिच्या छातीत काहीतरी फुलत होतं. देवी नाही म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांसमोर, दोनदा. तिला स्वतःला ढोल घेऊन जायचं होतं, रंगमंचावर उभं राहायचं होतं. तरीही तिला इतका आनंद झाला की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

शूकाकांनी तुकडे उचलले. नव्या कोटाची गुंडी सोडली. मग म्हणाले, “माई, आम्ही तुला नेलं, तर तू रागावशील का?”

तुकडे पडले. दोन्ही फुगीर.

“नाही,” शूकाका उठत म्हणाले. “ऐकलंत? रागावणार नाही म्हणते. देवीची हरकत नाही.”

आणि घंटा वाजली. कुणीतरी खरंच घंटा वाजवली.

खाईलिनला आधी वाटलं, आता हल्लकल्लोळ होईल. एखादी म्हातारी ओरडेल. या म्हाताऱ्या भाजीवाल्याने एक कांदा कमी दिला तर रस्ता डोक्यावर घेतात. पण म्हाताऱ्यांना एकाएकी उदबत्त्या पेटवायचं काम निघालं. मासेवाले छताकडे बघू लागले, जणू तिथली नक्षी आज पहिल्यांदाच दिसली.

“काका, तुम्ही प्रश्नच बदललात,” ती म्हणाली. माइक नव्हता, पण ढोलापुढे ओरडून कमावलेला आवाज होता.

“प्रश्न बदलला नाही पोरी. नीट मांडला.”

“ती दोनदा नाही म्हणाली. तुम्हाला हवं ते ती म्हणेपर्यंत तुम्ही विचारत राहिलात. आणि तीनदा हो यायला हवं. एकदाही आलं नाही.”

“देवळाचं काम मोठ्यांना कळतं.”

“मग मोठ्यांनी सांगावं ना. कुणी पाहिलं नाही का?” ती वळली. “बाबा, तुम्ही पाहिलंत ना?”

वेंग फूशेंग पुढे आले. तिला वाटलं ते तिच्या बाजूला येऊन उभे राहतील. ते खाली वाकले, जमिनीवरचे कौलाचे तुकडे उचलले, फुंकर मारून पुसले, तबकात ठेवले, अगदी सरळ, एकाला एक लावून. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “घरी चल.”

तिचा संताप इतका वाढला की चालताना तिला पाय जमिनीला लागल्याचंही कळत नव्हतं. फांग साहेबांचा तिला तेवढा राग नव्हता. त्यांना काय हवंय ते त्यांनी लाल कापडावर सोनेरी अक्षरांत लिहून टांगलं होतं, निदान लपवलं तरी नव्हतं. पण शूकाका? आणि ते छत बघणारे? उद्या निवडणुकीत लोकांनी नाही म्हटलं तर हेच लोक पुन्हा विचारतील का, की बरं, आम्ही तुमचं सगळं देऊन टाकलं तर तुम्ही रडाल का? आणि लोक थकून नाही म्हणाले की घंटा वाजवतील? देवीच्या तोंडून नको ते वदवून घेतलं, तिथे माणसांची काय कथा.

आईचं नाश्त्याचं दुकान दुपारचं बंद झालं होतं. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत आई उलथन्याने मोठा तवा खरवडत होती. सकाळभर अंड्याच्या पोळ्या भाजल्यावर तव्यावर जो काळा थर बसतो तो खरवडल्याशिवाय ती कुणाशी बोलत नसे. आज तिने बापलेकींचे चेहरे बघितले आणि उलथनं ठेवलं.

“काय झालं?”

“तुझ्या मुलीने देवळात शूला खोटारडा म्हटलं,” बाबा म्हणाले.

“मी खोटारडा म्हटलं नाही. प्रश्न बदललात म्हटलं.”

“बदलला का?” आईने विचारलं.

बाबांनी सोयाबीनच्या दुधाचं उरलेलं पातेलं उघडलं, आत बघितलं, झाकलं. “बदलला,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय मग? मग माझे मासे.” ते स्टुलावर बसले. “खाई, ऐक. पलीकडच्यांनी आपले हेकरू मासे घेणं बंद केलं तेव्हा काय म्हणाले? माशांत रोग सापडला म्हणाले. तेव्हापासून मासे पिंजऱ्यात आहेत. माशाला राजकारण कळत नाही, तो खातो आणि वाढतो. हॉटेलवाल्याला हेकरू ताटात मावेल एवढा लागतो. माझे आता ताटात मावत नाहीत. मी त्यांना खायला घालतो आणि जितकं घालतो तितके ते निकामी होतात. शूला सांगितलंय त्यांनी, देवी येऊन गेली की पुन्हा तपासू.”

“म्हणजे तेव्हा रोग नसेल.”

“नसेल.”

“मग रोग माशांत नव्हताच बाबा. आपल्या तोंडात होता.”

आईने खाली मान घातली, बहुतेक हसू लपवायला. बाबांना हसू आलं नाही. “तू म्हणशील ते खरं. मला कळत नाही असं वाटतं तुला? पण चार वाक्यं आहेत. नुसते शब्द आहेत. शाळेत नाही का तुम्ही काहीबाही पाठ करून म्हणत? म्हणायचं आणि विसरायचं.”

“नुसतेच शब्द असतील तर त्यांनी म्हणावेत. म्हणा म्हणावं, मात्सू फंगहूमध्ये स्वतःच्या घरी राहते. नुसते शब्द. म्हणतील?”

बाबांनी पातेल्यावरचं झाकण उगाच सरळ केलं.

“नाही म्हणणार,” खाईलिन म्हणाली. “म्हणजे शब्द नुसते नाहीत, हे त्यांना कळतं. फक्त आपल्याच लोकांना कळत नाही.”

बाहेरून कुणीतरी शटरवर टकटक करून “बंद झालं का?” विचारलं. “बंद,” आई म्हणाली. मग तिने हात पुसले आणि खाईलिनच्या कपाळावर ठेवला. हात गरम होता, तव्याजवळचा.

“हे बघ, असं करू,” आई म्हणाली. “निघायच्या आदल्या दिवशी तुला ताप आला म्हणू. घसा बसला म्हणू. शूलाही बरं, त्याला तिकडे तोंड दाखवता येईल. बाबांच्या माशांनाही बरं. तुलाही ते म्हणावं लागणार नाही. कुणाचंच काही बिघडत नाही.”

बाबांनी मान वर केली. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. “हां. ताप. ताप काय कुणालाही येतो.”

खाईलिनने दोघांकडे बघितलं. आईने तिच्यासाठी मार्ग काढला होता. गुळगुळीत, कुणाला न टोचणारा. घ्यायला काहीच हरकत नव्हती. नेमकं त्यामुळेच तिला भडभडून आलं. कारण तिला आठवलं, मावशीच्या दिराने पलीकडचं गिऱ्हाईक येणार म्हणून दुकानावरचा झेंडा काढला होता आणि सगळ्यांना सांगितलं होतं, वाऱ्याने उडाला. आपले खेळाडू बाहेरच्या स्पर्धेत उतरतात तेव्हा आपल्या देशाच्या नावाने उतरत नाहीत, भलत्याच नावाने उतरतात, आणि आपण टीव्हीपुढे बसून त्या नावाला टाळ्या वाजवतो. ज्याला त्याला काही ना काही झालेलं असतं. कुणाचा घसा बसतो, कुणाला वारा लागतो, कुणाला छत बघावं लागतं. अख्खं बेट ठणठणीत आहे आणि अख्ख्या बेटाला ताप आहे.

“तू गेली नाहीस तर मुख्य ढोल यूछनकडे जाईल,” बाबा हळूच म्हणाले. धमकी नव्हती ती. त्यांना माहीत होतं, तो ढोल तिने कसा मिळवला ते. तळहातांना फोड आलेले असताना त्यांनीच तिच्या हाताला पट्ट्या बांधल्या होत्या. “पथक परत आल्यावरही तुला मिळेल असं नाही. शूच्या हातात आहे ते.”

“माहितीय.”

“आणि ज्यांचे मासे पुन्हा तपासायचे त्या यादीत शू माझं नाव खाली टाकेल. तेही माहितीय ना?”

 तिने तव्याच्या कडेला हात टेकला. चटका बसला तेव्हा काढून घेतला. बाबांचे मोठे झालेले, ताटात न मावणारे मासे तिच्या डोळ्यांपुढे आले, हिरव्या पाण्यात तोंडं उघडून वर येणारे. त्यांना खायला घालायला लहानपणी तीच जायची.

“माहितीय बाबा. त्याचं मला वाईट वाटतंय. खोटं नाही सांगत, खूप वाटतंय. मी रोज शाळेतून आल्यावर पिंजऱ्यांवर येईन तुमच्याबरोबर. श्याओमानचा मामा आपल्याच मोठ्या बेटावर, तैनानला मासे नेतो, त्याला मोठे मासे कापून विकता येतील का ते विचारीन. कापले की ताटात मावतील. मिळतील ते पैसे कमी असतील, पण ते मागताना कुणी आपल्याकडून काही वदवून घेणार नाही.”

“एवढं सोपं नसतं गं,” बाबा म्हणाले.

“सोपं आहे असं मी म्हणतच नाहीये.”

आईने उलथनं उचललं, पण तवा खरवडला नाही. नुसतं हातात धरून उभी राहिली. “मग काय ठरवलंयस?”

खाईलिनने पाठ ताठ केली, ढोलापुढे करते तशी.

“मी मेईचौला जाणार नाही,” ती म्हणाली. “आणि आई, मला ताप आलेला नाही. घसाही बसलेला नाही. उद्या सरावाच्या वेळी, सगळं पथक असताना, मी स्वतः जाऊन शूकाकांना सांगणार आहे की मी ठणठणीत आहे, आणि तरीही येत नाही. का, ते विचारलं तर तेही सांगणार. तुम्ही दोघांनी माझी बाजू घ्या असं मी म्हणत नाही. तुम्हाला छत बघायचं असेल तर बघा. पण कुणी विचारलं तर मी आजारी आहे असं सांगू नका.”